पटावरची भुतंखेतं : वाचकांचे प्रश्न

हे सदर सुरू केलं तेव्हा महिन्याला दोन पत्रं आली तरी खूप, असं संपादकांचं आणि माझं ठरलं होतं. या वेळी सतरा आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. खरिपाच्या तोंडावर आमच्या माणदेशात गुरांच्या डॉक्टरला झोपायलाही सवड नसते, तिथं गेम कुठला!

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. आपण इथं ज्या खेळाबद्दल बोलतो तो ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. षटकोनी घरांचा पट, पाळीपाळीनं चाल. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला, फुकट आणि मुक्तस्रोत. त्यात आपल्या मनातला प्राणी घालायचा असेल तर लागतात दोन गोष्टी: एक साधी मजकुराची फाइल आणि एक चित्र. एवढ्या दोन गोष्टींत माणसं काय काय घोळ घालतात, ते खाली वाचा. माझे घोळही त्यात आहेत.

प्रश्न : मी चिपळूणचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोकणातल्या भुतांचं सैन्य करतोय. पहिला गिऱ्हा (पाण्यातलं भूत) केला. किंमत १७ सोन्याची नाणी, हिटपॉइंट (म्हणजे जीव, शून्य झाला की मेला) ६०, वर दर पाळीला जखमा भरून येण्याची शक्ती. मित्र म्हणाले, हा मरतच नाही. म्हणून हिटपॉइंट ४० केले, तरी मरत नाही! प्रतिकार फार नाही दिलेला, तलवार, भाला, दणका तिन्हींना फक्त २० टक्के. बचाव खोल पाण्यात ६०, सपाट जमिनीवर ३०. फाइल सोबत जोडली आहे. आणि पुढचा चकवा करायचा आहे, तो कसा करू?

उत्तर : अरे, तुझी फाइल उघडली आणि हसूच आलं. तुला नाही हसलो. चार वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं आणि आठवडाभर खेळाला शिव्या घातल्या होत्या.

आमच्याकडं एखादा नवखा गोपालक रात्री अकराला फोन करतो, “डॉक्टर, गाईला एकशे एक ताप आहे, लगेच या.” मी विचारतो, रवंथ करतीय का? करतीय म्हणतो. मग झोप म्हणावं. गाईचं अंग निरोगी असतानाच एकशे एकच्या आसपास असतं. आकडा बरोबर, मोजपट्टी माणसाची.

वेस्नॉथच्या फाइलमध्ये प्रतिकाराच्या रकान्यात जो आकडा लिहितात तो प्रतिकाराचा नसतो. शंभरातला किती मार अंगाला *लागतो*, त्याचा असतो. १०० म्हणजे पुरता मार. मूळ खेळातला सांगाडा बघ. तलवारीपुढं त्याचा प्रतिकार ४० टक्के, म्हणून फाइलीत ६०. भाला त्याच्या फासळ्यांतून आरपार जातो, प्रतिकार ६० टक्के, म्हणून फाइलीत ४०. गदेनं मात्र हाडं मोडतात, म्हणून तिथं १२०. तू लिहिलेस २०, म्हणजे तुझ्या गिऱ्ह्याला शंभरातले वीसच लागतात. तू त्याला ऐंशी टक्क्यांचं चिलखत चढवलंयस.

बचावाचंही तसंच. तिथला आकडा म्हणजे फटका *बसण्याची* शक्यता. खोल पाण्यात ६० लिहिलंस, म्हणजे पाण्यात त्याला शंभरातले साठ वार बसणार. जमिनीवर ३० लिहिलंस, म्हणजे तिथं सत्तर वार चुकणार. तुझा गिऱ्हा उलटा झालाय. पाण्यात गोंधळलेला आणि रस्त्यावर उस्ताद.

आता हिशोब. साधा भालेकरी, १४ नाण्यांचा, सातचे तीन वार करतो. सातचे वीस टक्के म्हणजे १.४, खेळ त्याचा एक धरतो. तीन वारांतला सरासरी एकही पुरा बसत नाही. षटकोनी घराला सहा शेजारी. सहाही बाजूंनी भालेकरी उभे केलेस, ८४ नाणी खर्चून, तर एका पाळीत त्याचे पाच–सहा हिटपॉइंट जाणार, आणि पुढच्या पाळीला जखम भरून आठ परत येणार. भर दिवसा भालेकऱ्याचं बळ पावपट वाढतं तेव्हा एकाचे दोन होतात, बस्स. हिटपॉइंट ६० वरून ४० कर नाहीतर २० कर, मरणार कुठून?

तर असं कर. तलवार आणि भाला ९०, दणका १००, आग १२०. सपाट जमीन ७०, खोल पाणी ४०. हिटपॉइंट ३४. जखम भरण्याची शक्ती काढून टाक, ती खेळातल्या ट्रोलची ओळख आहे, गिऱ्ह्याची नव्हे. एवढं केलंस की जमिनीवर गाठलेला गिऱ्हा तीन भालेकऱ्यांत आटोपतो.

मग त्याच्याकडं उरलं काय? पाणी. माझी मावशी राजापूरची. ती सांगायची, गिऱ्हा ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, “ये रे, इथं उथळच आहे,” आणि माणूस घोटाभर पाण्यात उतरला की पुढं पाय टेकत नाही. यात ताकद कुठं आहे सांग. दिसत नाही आणि सोडत नाही, एवढंच. खेळात दोन्ही तयार आहेत. ‘सबमर्ज’ दिलंस की खोल पाण्यातला गिऱ्हा शेजारच्या घरात येईपर्यंत शत्रूला दिसत नाही. आणि हल्ला सहाचे तीन, पण ‘स्लो’ लावलेला. ज्याला लागला त्याची चाल निम्मी, मारही निम्मा.

एक गोष्ट मात्र तुझ्या नकाशात राहून गेलीय. सगळी नदी तू उथळ पाण्याची काढलीस. सबमर्ज उथळात चालत नाही, म्हणून तुझा गिऱ्हा आजवर एकदाही लपलेला नाही, आणि तुझ्या लक्षात आलं नाही कारण तसाही तो मरत नव्हता! तुमच्याकडं नदीत कोंड असतात ना, तसे दर सात–आठ घरांनंतर दोन घरं खोल पाण्याची टाक. मग बघ, खेळणारा नदी ओलांडायला कुठला उतार निवडतो ते.

मावशी असंही सांगायची की गिऱ्ह्याची शेंडी ज्यानं कापली त्याचा तो गडी होतो, सांगेल ते काम करतो, शेंडी परत मिळेपर्यंत. हे सोडू नकोस. जमिनीवर गिऱ्हा पडला तर ज्यानं पाडला त्याच्या बाजूला एक शून्य पातळीचा ‘बांधलेला गिऱ्हा’ उभा राहील, असा इव्हेंट (अमुक घडलं की तमुक व्हावं, असा नियम) लिही. शून्य पातळीच्या गड्याला पोसायचा खर्च नाही आणि त्याच्यामुळं शत्रूची वाटही अडत नाही. ओझी वाहायला ठीक. आता तुझ्या विरुद्ध खेळणारा गिऱ्ह्याला घाबरेलही आणि हावही धरेल. नुसती भीती दोन डावांत जुनी होते.

चकव्याबद्दल. त्याला हल्ला देऊच नकोस, असं माझं मत. चकवा कुणाला चावल्याचं मी ऐकलेलं नाही. रात्री माणसाला माळावर गोल गोल फिरवतो आणि पहाटे तो माणूस निघाला तिथंच सापडतो. वडील पांदीनं रात्रीचे यायचे, ते म्हणायचे, चकवा लागला असं वाटलं की खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. खेळात दिवसाचे सहा प्रहर आहेत: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीचे दोन. चकव्याच्या शेजारून जाणाऱ्याची चाल रात्रीच्या त्या दोन प्रहरांतच निम्मी होईल एवढं कर. आणि जो शहाणा जागचा हलत नाही त्याला खेळ आपणहून विश्रांतीचे दोन हिटपॉइंट देतोच. वडिलांचा उपाय खेळात आधीच लिहून ठेवलाय!

प्रश्न : मी नाशिकला चित्रकलेचं शिक्षण घेते. किल्ल्यांवर कोरलेल्या शरभावरून (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) एक उडणारा प्राणी काढते आहे. दोन अडचणी आहेत. पंख कितीही नीट काढले तरी चिकटवल्यासारखे दिसतात. आणि शरभाची लालसर गुलाबी जीभ दुसऱ्या खेळाडूच्या बाजूला गेली की निळी होते!

उत्तर : जिभेचं आधी. खेळाला दोन बाजूंची माणसं वेगळी दिसावीत म्हणून किरमिजी रंगाच्या काही ठरावीक छटा राखून ठेवल्या आहेत. त्या छटेचा पिक्सेल दिसला की खेळ तिथं खेळाडूचा रंग भरतो. मूळ सैनिकांचे अंगरखे त्या छटांत असतात. तुमची जीभ योगायोगानं त्यातच बसली. छटा किंचित विटकरीकडं न्या, सुटलात. आणि गळ्यात एखादा पट्टा किंवा झूल काढून ती मुद्दाम किरमिजी करा, नाहीतर तुमचा शरभ कुणाचा तेच कळणार नाही.

पंखांचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण हा माझा धंदा आहे.

एखादी गाय उताराला चालत असेल तेव्हा तिच्या पाठीवर, मानेच्या मागं, तळहात ठेवून बघा. पुढचा पाय टेकला की फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड कातडीखाली वर सरकतं, पाय उचलला की खाली जातं. इतकं मोकळं का? कारण गाय, घोडा यांना गळ्याचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नसतो. नुसत्या स्नायूंच्या झोळीत सगळं धड टांगलेलं असतं. मागचा पाय मात्र खुब्यात पक्का. वाघ–सिंहांतही गळ्याचं हाड नावालाच असतं, म्हणून मांजर दबा धरून चालतं तेव्हा तिचे खांदे पाठीच्या वर येतात.

पक्ष्याचं उलटं. त्याचा पंख म्हणजे पुढचा पायच, आणि तो हलवणारं मांस पाठीवर नसतं, छातीवर असतं. कोंबडीच्या छातीचं मांस ज्यांनी खाल्लंय त्यांना मधलं उभं हाड आठवेल. नावेच्या तळासारखं. त्याच्याशिवाय फडफड नाही.

आता तुमचा शरभ बघा. चार पाय आधीच आहेत, वर दोन पंख, आणि ते तुम्ही पाठीच्या बरोबर मध्यावर लावलेत, जिथं खाली बरगड्यांशिवाय काही नाही. बघणाऱ्याला शरीरशास्त्र येत नसतं, पण डोळ्याला कळतं की हे ओढणारं काही नाही. पंख पुढं घ्या, फऱ्याच्या किंचित मागं. छाती खोल करा, इतकी की पुढून बघितलं तर दोन पायांच्या मध्ये लोंबलेली वाटावी. आणि पंखाच्या मुळाशी उंचवटा द्या. उंचवटा कसा, ते बघायला माणदेशी खिल्लार बैल बघा. त्याचं वशिंड म्हणजे नुसती चरबी नव्हे, स्नायू असतो, आणि बैल नेटानं ओढायला लागला की ते हलतं. पंख वशिंडातून निघाला की चिकटवलेला वाटत नाही.

एवढं सगळं ७२ बाय ७२ पिक्सेलच्या चौकटीत! म्हणून पिसं मोजत बसू नका. चित्र पूर्ण काळं करा आणि लांबून बघा. नुसत्या आकृतीवरून शरभ आहे की कोंबडा, ते घरातल्या कुणाला तरी विचारा. माझ्या पहिल्या शरभाला बायकोनं ‘छत्रीवाला कुत्रा’ म्हटलं होतं. तिचं बरोबर होतं.

आणखी एक. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती पकडलेलं जे शिल्प आहे, ते कधी जवळून पाहिलंत तर हत्तींकडं बघा. मांजराच्या पिलाएवढे आहेत. शिल्पकाराजवळ दगड तेवढाच होता, शरभ मोठा करायला जागा नव्हती, म्हणून त्यानं हत्ती लहान केले. तुमच्याजवळही ७२ पिक्सेलच आहेत. शरभाच्या पंजाखाली आठ पिक्सेलचा हत्ती ठेवलात की शरभ आपोआप डोंगराएवढा होतो.

उडवायचा की नाही, हेही ठरवा. आठ पायांचा, पंखांचा, नरसिंहाला आवरणारा शरभ पुराणात आहे, पण किल्ल्यावरच्या बहुतेक शरभांना पाहून मला उड्डाण वाटत नाही, झेप वाटते. खेळात उडणारा प्राणी डोंगर, पाणी, जंगल सगळं सारखंच ओलांडतो, आणि मग नकाशाला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा ‘स्कर्मिशर’ द्या. शत्रूच्या रांगेतून, कुणी न अडवता, आत शिरणारा. दरवाजावर बसणाऱ्या जनावराला तेच शोभतं.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. रात्रभर भुतांची चित्रं काढतो, कसल्या फाइली लिहितो. तुमच्या सदरामुळे हे वाढलंय. काय करू?

उत्तर : ताई, रात्रभर काढत असेल तर अकराला वाय-फाय बंद करा, मी तुमच्या बाजूनं आहे. माझ्या घरीही तोच नियम आहे आणि तो माझ्यासाठी आहे. भुतांची काळजी करू नका. एका भुताला दिवसा पंचवीस टक्के कमी आणि रात्री पंचवीस टक्के जास्त धरून त्याच्या मुंज्याचे आठचे तीन वार दिवसा किती, रात्री किती, हे विचारून बघा. सहा आणि दहा, असं पटकन म्हणाला तर गणिताची शिकवणी एवढ्यात लावू नका.

प्रश्न : नाग आणि ड्रॅगन एकच का? आमच्या मॉडमध्ये (खेळाच्या आम्ही बदललेल्या आवृत्तीत) नागलोक आहे.

उत्तर : नाही. आणि वेस्नॉथमध्ये ‘नागा’ आधीच आहेत, तलवारी घेतलेले, कमरेखाली साप, पाण्यात आणि दलदलीत सुखी. तुमचे वेगळे दिसायला हवेत. आपला नाग धनाची राखण करतो, तर त्याला चालच देऊ नका फार. खजिन्याच्या घरापासून तीन घरांपलीकडं जाणारा नाग मला पटत नाही. नाव मराठीच ठेवा. ‘ड्रॅगन’ म्हटलं की मुलं आग मागतात.

प्रश्न : (सावंतवाडीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र. थोडं संक्षिप्त केलं आहे.) मागील अंकात आपण वेताळाचे चित्र दिले होते. त्यात वेताळ अनवाणी आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या चपला वाहतात हे आपल्यास ठाऊक नसावे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात. दुसरे, ज्याच्यापुढे आम्ही केळ्यांचा घड ठेवतो त्याला आपण ‘हिटपॉइंट’ देऊन कुणाकडून तरी मारवणार, हे मनाला लागले.

उत्तर : गुरुजी, चूक झाली. चपलांचं मला माहीत होतं. आरवलीला मी स्वतः गेलोय, त्या भल्या मोठ्या चपलांच्या रांगेसमोर उभा राहिलोय, आणि तरी चित्र काढताना पाय तसेच ठेवले. याला माझ्याकडं सबब नाही. घाटावर आम्ही वेताळ म्हटलं की अमावस्येची भुतांची पालखी आणि मशाली एवढंच ऐकत आलो. गोव्यात आमोण्याचा बेताळ ग्रामदैवत आहे, तुमच्याकडं वेतोबा राखणदार आहे. एका नावाखाली मी दोन वेगळी माणसं एकत्र केली. माणसं म्हणालो, देव म्हणायला हवं.

तुमचं दुसरं वाक्य वाचून दोन दिवस फाइल उघडली नाही. पहिला विचार आला की हिटपॉइंट खूप वाढवावेत, म्हणजे कुणाला मारताच येणार नाही. पण ते खोटं झालं असतं. खेळात ज्याला आकडा आहे त्याला पाडायचा मार्ग कुणीतरी शोधतोच. पोरं त्यासाठीच खेळतात.

मग फाइलच काढून टाकली. वेतोबा आता सैनिक नाही, जागा आहे. वेस्नॉथच्या पटावर गावं असतात. जखमी माणूस गावात थांबला की पुढच्या पाळीला त्याचे आठ हिटपॉइंट भरतात. कोकणच्या नकाशात एका गावाच्या जागी मी देऊळ ठेवलंय. ते कुणाच्या मालकीचं होत नाही, त्यावर कुणाचा झेंडा लागत नाही, आणि रात्रीच्या दोन प्रहरांत त्याच्या आजूबाजूच्या सहा घरांत चिपळूणच्या आपल्या विद्यार्थ्याचा गिऱ्हा किंवा चकवा पाऊल टाकू शकत नाही. वेतोबा पटावर कुठंच दिसत नाही. तो फेरीला गेलेला आहे.

अमावस्येच्या पालखीचा जो वेताळ आहे, भुतांचा राजा, तो सैनिक म्हणून राहील. त्याला ‘लीडरशिप’ दिली आहे, शेजारच्या खालच्या पातळीच्या भुतांचा मार पातळीमागं पंचवीस टक्क्यांनी वाढतो. त्याचं नाव वेगळं ठेवतो, ‘पालखीवाला’. हे चालेल का, कळवा. चालणार नसेल तर तोही बदलू.

देवळाच्या पायरीवर चपलांचा जोड काढला आहे. प्रत्येक चप्पल चार पिक्सेल रुंद, सहा लांब. टाचेचा एक पिक्सेल फिकट केला, झीज म्हणून. आमच्याकडं बैलाचे खूर बाहेरच्या बाजूनं जास्त झिजतात, त्या सवयीनं मी तिकडूनच झिजवलं. पण गुरुजी, आरवलीत त्या चपला नेमक्या कुठून झिजलेल्या असतात? पुढच्या खेपेला गेलात तर बघून लिहाल का? तोवर चित्र छापायला देत नाही.